लेकराचे दुःख लेकराजवळ



चाळीस वर्षे कीर्तने केली, आणि कीर्तनांपेक्षाही दहाव्याची प्रवचने जास्त केली. आपल्या नाशिक जिल्ह्यात, निफाड, दिंडोरी, सिन्नर या बाजूला तर विशेष, दशक्रियेच्या सकाळी नदीकाठी प्रवचन ठेवण्याची रीत आहे, ती आपल्याला ठाऊकच आहे. पिंड मांडलेले असतात, कावळ्याची वाट पाहणे चालू असते, मंडपात दोन-चारशे माणसे बसलेली असतात आणि तासभर कोणीतरी बोलायचे असते. तो कोणीतरी बहुधा मी असे. विषय ठरलेला. देह नाशवंत, आत्मा अविनाशी, जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसे हे जाणे-येणे. सारे तोंडपाठ होते. आता गळा गेला, गुडघे गेले, उभे राहून कीर्तन करणे सुटले. घरी बसल्या बसल्या एक प्रश्न मात्र पिच्छा सोडत नाही. त्या मंडपात पहिल्या रांगेत, नुकतेच डोके भादरलेले चौदा-पंधरा वर्षांचे जे लेकरू बसलेले असे, त्याला माझ्या बोलण्याचा उपयोग काय झाला?

हा प्रश्न मला आपोआप पडलेला नाही. एका मुलाने तो माझ्यापुढे आणून ठेवला.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही. द्राक्षबागेचे कर्ज होते, दोन हंगाम गेले, आणि त्या घरच्या माणसाने स्वतःच आयुष्य संपवले. दहाव्याला मी गेलो. मुलगा पंधरा वर्षांचा. प्रवचन संपवताना मी त्याच्याकडे वळलो आणि सर्वांदेखत म्हणालो, “बाळा, आता घरातला कर्ता तू. तू रडलास तर आईकडे कोणी पाहायचे?” मंडळींनी माना डोलावल्या. मामाने त्याच्या डोक्यावर टोपी घातली. मुलगा रडला नाही. परत येताना मला समाधान वाटले होते की शब्द लागू पडले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे.

अलीकडे तोच मुलगा बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आला. चांगला उंच झाला आहे. पायाला हात लावला, चहा घेतला, आणि निघताना, अगदी राग नसलेल्या आवाजात म्हणाला, “बाबा, तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी रडलो नाही. अजून रडलो नाही.”

मी काही बोलू शकलो नाही. मग त्यानेच सांगितले. पुढे वसतिगृहात राहायला गेल्यावर त्याच्या खोलीत एक मुलगा होता, त्याचे वडीलही तसेच गेलेले. दोघे रात्री गच्चीवर बसत. “तो काही समजावायचा नाही, बाबा. एवढंच म्हणायचा, माझंही तसंच आहे.” चार वर्षांत त्याला जे मिळाले ते एवढेच, आणि त्यावर तो तगला. माझे तासाभराचे प्रवचन एकीकडे आणि त्या पोराचे एक वाक्य दुसरीकडे. पारडे कुठे झुकले ते मी पाहिले.

आता श्रोते म्हणतील, महाराज, सांत्वन हे जाणत्याचे काम नव्हे काय? ज्याने ग्रंथ वाचले, चार मरणे पाहिली, त्याने धीर द्यायचा. कच्चे पोर कच्च्या पोराला काय सांभाळणार? मीही जन्मभर असेच मानत आलो. परंतु आपल्या संप्रदायाचा पाया ज्यांनी घातला, ती चार माणसे कोण होती, याकडे मी चाळीस वर्षांत नीट पाहिलेच नव्हते, असे आता वाटते.

रूढ शक धरले तर निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५, ज्ञानोबांचा ११९७, सोपानदेवांचा ११९९ आणि मुक्ताईचा १२०१. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे सांगणारा पंधरा वर्षांचा. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई या मुलांना मागे ठेवून गेले ते त्याच्याही आधी. कसे गेले, तेही आपण जाणतो. संन्यास सोडून संसारात परतल्याबद्दल धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि मुलांना तरी समाजात घेतील या आशेने दोघांनी जलसमाधी घेतली, अशी कथा आहे.

आम्ही कीर्तनकार हे आख्यान रंगवतो. आईबापांचा त्याग सांगतो, मृदंग थांबतो, माणसे डोळे पुसतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार पोरे उठली तेव्हा काय झाले, हे आम्ही कधी सांगितले? धाकटीने आई कुठे आहे असे विचारले असेल, तेव्हा उत्तर कोणी दिले? आईबापांनी आपल्या हाताने जीव दिला, तोही आपल्यासाठी, हे ओझे पोरांनी कुठे ठेवले? गावाने तर त्यांना एक नाव देऊन ठेवले होते: संन्याशाची पोरे. ज्या आशेने आईबाप गेले ती आशाही लगेच फळाला आली नाही. शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. निफाडकडच्या माझ्या त्या मुलाला गावाने जे नाव दिले, ते याहून फार वेगळे नव्हते. लोक समोर हळहळतात आणि पाठ फिरली की कुजबुजतात. ज्या मरणाबद्दल कुजबूज होते, त्या घरच्या लेकराला दुःखाबरोबर लाजही सोसावी लागते, आणि लाज ही मोठ्या माणसापुढे उघडी करता येत नाही.

मांड्यांची गोष्ट घ्या. ज्ञानोबांनी पाठीवर मांडे भाजवून घेतले, हा चमत्कार आपण सांगतो. त्या आधीचे सांगतो ते धावते सांगतो. सणाचा दिवस होता, पोरांना गोड खावेसे वाटले, मुक्ताई भांडे आणायला कुंभाराकडे गेली आणि विसोबाने तिला मिळू दिले नाही. आईबाप गेल्यावरचा सण! ज्या घरात मरण झाले त्या घरात वर्षभर सण करत नाहीत, आणि पोराला त्या दिवशी शेजारच्या घरातल्या तळणीचा वास येतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती गोष्ट चमत्काराआधीच पुरेशी आहे. पोळायला तवा नव्हता, भावाने पाठ दिली.

आणि ताटीचे अभंग. ज्ञानोबा भिक्षेला गेले, कोणी टोचून बोलले, मन विटले, आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर कोण उभे राहिले? निवृत्तिनाथ थोरले, शिवाय गुरू. त्यांनी आज्ञा केली असती तर ताटी उघडलीच असती. पण परंपरेने तिथे उभी केली ती सर्वांत धाकटी मुक्ताई.

इथे एखादा जाणकार वारकरी मला अडवील, आणि अडवावेच. तो म्हणेल, महाराज, मुक्ताईनेही उपदेशच केला की! योगी कसा असावा, संताने कसे सोसावे, हेच ती सांगते. मग तुम्ही दहाव्याला सांगत होता त्यात वेगळे काय?

बरेच दिवस मी या ठिकाणी अडलो होतो. माझे शब्द आणि तिचे शब्द, अर्थाने फार लांब नाहीत. परंतु ती ज्या जागेवर उभी होती ती जागा माझी नव्हती. ज्या तोंडांनी ज्ञानोबांना टोचले त्याच तोंडांनी तिलाही टोचले होते. आई त्याची गेली तशी तिचीही गेली होती. ती ‘सोस’ म्हणाली ती स्वतः सोसत असताना. मी ‘सोस’ म्हणालो आणि बिदागी, नारळ, उपरणे घेऊन गाडीत बसलो. मुक्ताईचे बोलणे आतल्याला टोचले नाही, कारण ताटीच्या दोन्ही बाजूंना एकच दुःख होते.

दुसरा आक्षेप याहून जुना. शोक करणे म्हणजेच अज्ञान. म्हणून मुलांना शोकात बसवू नये, ज्ञानात आणावे. या आक्षेपाला मी स्वतः कितीतरी वेळा टाळ्या घेतल्या आहेत. पण पाहा, युद्धाच्या पहिल्या दिवशी प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून गीता ऐकलेला अर्जुन तेराव्या दिवशी अभिमन्यू गेल्यावर रडला. बारा दिवसांत तो गीता विसरला, असे कोणी म्हणत नाही. आणि भगवंतांनीही तिथे दुसरा अध्याय पुन्हा म्हणून दाखवला नाही. आळंदीला समाधीच्या वेळी निवृत्तिनाथांची अवस्था काय झाली, ते नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत वर्णिले आहे. आईबापांनी सोडले तेव्हाही इतके जड गेले नव्हते, असा त्यांचा भाव नामदेवराय सांगतात. म्हणजे त्या थोरल्या भावाच्या मनात आईबापांचे जाणे इतक्या वर्षांनीही जागे होते, आणि नवे दुःख आले तेव्हा जुनेही त्याच्याबरोबर उठले. ज्ञानोबांच्या गुरूला हे झाले. आपल्या गल्लीतल्या दहावीच्या पोराला झाले तर त्याची श्रद्धा कमी पडली, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

माझ्या वडिलांचे सांगतो. ते गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी मला आळंदीला पाठवले. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे तिथे खेड्यापाड्यांतली मुले शिकायला येत, माधुकरी मागून राहात. आम्हांत बिनबापाची मुले पुष्कळ होती. घरी खायला कमी तोंडे असावीत म्हणून पाठवलेली. माझ्याबरोबर विदर्भातला एक मुलगा असे, त्याची आई गेलेली. संध्याकाळी आम्ही इंद्रायणीच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसत असू. आई-वडिलांबद्दल आम्ही फारसे बोललो, असे आठवत नाही. त्याला त्याच्या आईच्या हातचे कुठले तरी पिठले आठवे आणि तो ते पुन्हा पुन्हा सांगे, मला कंटाळाही येई. पण वर्षश्राद्धाच्या दिवशी तो माझ्याबरोबर न जेवता राहिला. त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणजे मला जे मिळाले होते तेच मी पुढे विसरलो आणि मंडपातल्या लेकराला शब्द देत बसलो. मोठे होण्यात असे काय असते की माणूस आपलाच घाट विसरतो, कोण जाणे.

माझी नात मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आबा, याला आता जगभर शास्त्र आहे.” अमेरिकेत पोर्टलंड या शहरात डगी नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता, त्याच्या मेंदूत गाठ होती. मोठी माणसे मरणाचा विषय टाळत, पण हा मुलगा आणि रुग्णालयातली दुसरी आजारी मुले एकमेकांशी त्याबद्दल मोकळेपणी बोलत. हे बेव्हर्ली चॅपेल नावाच्या परिचारिकेने पाहिले. तो गेल्यावर १९८२ साली तिने घरचे माणूस गमावलेल्या मुलांना आपल्या घरी एकत्र बसवायला सुरुवात केली आणि त्या कामाला त्याचेच नाव दिले. मुले गोल बसतात, ज्याची पाळी येईल तो आपले नाव आणि आपले कोण गेले ते सांगतो, आणि ज्याला बोलायचे नसेल त्याला ‘पुढे’ म्हणायची मुभा असते. मोठी माणसे असतात, पण शिकवत नाहीत.

मला हे ऐकून काल्याची आठवण झाली. काल्याच्या कीर्तनात आपण सांगतोच, गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाची शिळी भाकर, कोणाचे ताक, कोणाचे नुसतेच मीठ-मिरची. पेंद्याजवळ काय असणार? पण तेही त्यात घातले. कोणाच्या घरून पंगत आली नव्हती, पोरांनी पोरांचेच एकत्र केले, आणि भगवंत त्यात जेवायला बसले. वारीतही आपण तेच करतो. ऐंशी वर्षांचा म्हातारा पंधरा वर्षांच्या टाळकऱ्याच्या पाया पडतो आणि दोघे एकमेकांना माउली म्हणतात. मग दुःखाच्या वेळीच आपण वयाचा मोठेपणा का बाहेर काढतो?

नाशकात या गोष्टीची गरज किती, हे करोनाच्या दोन वर्षांत कळले. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्याच शहरात महापालिकेच्या रुग्णालयातील प्राणवायूची टाकी गळून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या काळात किती मुलांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही, दहाव्याला घाटावर चार माणसेसुद्धा नव्हती. आई आणि वडील दोघेही करोनाने गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली. ते योग्यच झाले, पैसा लागतोच. पण ठेवपावतीशी बोलता येत नाही.

आमच्या सूनबाई शाळेत शिकवतात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी पंचवटीतल्या आमच्या लहानशा विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात महिन्यातून एका रविवारी अशा मुलांना बोलावायला सुरुवात केली. सहा-सात मुले-मुली येतात, तेरा ते अठरा वयाची. नियम सोपा केला आहे. एक टाळ हातोहात फिरतो. ज्याच्या हातात टाळ तो बोलतो, बोलायचे नसेल तर टाळ पुढे देतो. सूनबाई खांबाजवळ बसतात आणि बोलत नाहीत. मी बाहेर ओवरीत माळ घेऊन बसतो, कारण मला आत बसू दिले तर मी बोलेन, हे सर्वांना ठाऊक आहे.

एकदा आतून मोठ्याने हसणे ऐकू आले आणि मला राग आला. हे काय, शोकाला बसलेत की पिकनिकला? नंतर कळले ते त्या मुलांना विचारूनच इथे लिहितो. एकाने सांगितले की वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा काका म्हणाले, तुझ्या बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय, काहीतरी कबूल कर. याने दोनशे माणसांसमोर कावळ्याला शब्द दिला की दहावीला शाळेत पहिला येईन. याला तर गणितात कसेबसे पस्तीस! हे ऐकताच दुसरी म्हणाली, मी मोबाइल सोडीन असे कबूल केले होते. तिसऱ्याने व्यायाम करीन म्हटले होते. प्रत्येकाने कावळ्याला काहीतरी देऊन ठेवलेले निघाले आणि सगळी हसत सुटली. मोठ्यांच्या सभेत हे हसणे शक्य नव्हते. मग टाळ शेवटच्या मुलाकडे गेला. तो म्हणाला, “मी बोललो होतो, आईला सोडून कुठं जाणार नाही.” त्याला पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि ते त्याने आईला आठ दिवस सांगितलेच नव्हते. सगळी गप्प झाली. पहिला येणार होता तो पोरगा म्हणाला, “मी काही पहिला आलो नाही. बाबा काही परत आले नाहीत विचारायला.” शेवटचा मुलगा तिथे रडला. आठवड्याने त्याने आईला सांगितले, आणि आईनेच त्याची पिशवी भरली.

हे उत्तर मी देऊ शकलो असतो का? दिले असते तर त्यात धर्मशास्त्र आले असते, वचनमुक्तीचा उपाय आला असता, आणि मुलाला वाटले असते की खरोखरच मोठा गुन्हा होणार आहे.

याचा अर्थ मुलांना मुलांच्या हवाली करून मोठ्यांनी मोकळे व्हावे, असा कोणी घेऊ नये. पोरे पोरांना चुकीचेही सांगतात. एखादे लेकरू खाणेपिणे टाकते, झोपत नाही, किंवा आपणही जावे असे बोलून दाखवते, तेव्हा ते बरोबरीच्या मुलांनी पेलायचे ओझे नाही. सूनबाईंनी मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवले आहे की असे काही ऐकले तर ते पोटात ठेवायचे नाही, मला सांगायचे. ती चहाडी नव्हे. एका मुलीच्या बाबतीत असे झाले, आणि तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. टेलि-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक मंदिराच्या फळ्यावर एकादशीच्या तिथीखाली लिहून ठेवले आहेत. कोणी विश्वस्त म्हणाले, हे देवळात कशाला? मी म्हणालो, देवळात नाही तर कुठे?

आता आपल्यापैकी जे अजून दहाव्याला बोलायला उभे राहतात, त्यांना माझी विनंती आहे. पहिल्या रांगेतल्या लेकराला नावाने हाक मारून उपदेश करू नका. कर्ता म्हणू नका. कर्तेपण येतेच, ते चारचौघांत डोक्यावर ठेवावे लागत नाही. प्रवचन झाल्यावर त्याच्या काकांना बाजूला घेऊन विचारा की या वयाचे, असेच झालेले दुसरे मूल गावात कोण आहे. प्रत्येक गावात असते. त्या दोघांना कावळ्याची वाट पाहण्याच्या वेळात एका झाडाखाली बसू द्या.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा आहे. ज्ञानोबांनी समाधी घेतल्यावर वर्षाच्या आत सोपानदेव गेले, मुक्ताई गेली, आणि तिघांना निरोप देऊन उरलेला थोरला भाऊ त्र्यंबकला येऊन विसावला. यंदा त्या मुलांनी ठरवले आहे की सगळ्यांनी मिळून नाशकाहून पायी जायचे, सुमारे तीस किलोमीटर. मलाही बोलावले आहे. गुडघ्यांमुळे मी रिक्षाने मागून जाईन. जाताना निवृत्तिनाथांचे चरित्र थोडे सांगू का, असे मी विचारले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले, आणि त्यांतली सर्वांत लहान मुलगी म्हणाली, “आबा, तुम्ही या हो. पण प्रवचन नको.”